मागच्या खोलीतली प्रयोगशाळा

दिवाळी महिन्यावर आली की आमच्या बचत गटात उटण्याची धांदल सुरू होते. वाळा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल आणि नागरमोथा. काही वर्षांपूर्वी नागरमोथ्याची दोन पोती आली, दोन वेगळ्या दुकानांतून. एकातल्या गाठी आखूड, काळपट नि उग्र वासाच्या. दुसऱ्यातली मुळं जरा लांबट, फिकट. दोन्ही दुकानदार आपलाच माल खरा म्हणून सांगत होते. आमच्या बायका गोंधळल्या. पैसे तर मोजून झाले होते!

शेवटी दोन्हीतली मूठ-मूठ घेऊन मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे गेले. तिनं मुळं भिजत घातली, दुसऱ्या दिवशी दाढीच्या ब्लेडनं कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ चकत्या काढल्या, रंगात बुडवल्या आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. मी पडले कला शाखेची. शाळा सुटल्यावर त्या नळकांड्यात पहिल्यांदाच डोकावत होते. आत काय दिसावं? रांगोळी! गोल कडं, त्यात ठिपक्यांच्या जुड्या, मध्ये मोकळी जाळी. बाजारात नागरमोथा या एकाच नावाखाली आपल्या शेतातल्या लव्हाळ्याच्या गाठीही येतात आणि त्याच्या एका भावंडाची मुळंही येतात, हे मला तेव्हा कळलं. अशी जवळची भावंडं बाहेरून ओळखता आली नाहीत, तर खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवून आतून ओळखावी लागतात.

हे आतून ओळखण्याचं काम जगात कुणी कुणी केलं, असं मी सहज विचारलं. मैत्रिणीनं कपाटातून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. एकदल वनस्पतींवरचं, १९२५ सालचं. लेखिकेचं नाव अ‍ॅग्नेस आर्बर. त्यातल्या आकृत्याच मी आधी पाहत बसले, मजकूर मागाहून वाचला. मग या बाईचा पिच्छाच पुरवला म्हणा ना.

अ‍ॅग्नेस रॉबर्टसन लंडनमध्ये २३ फेब्रुवारी १८७९ रोजी जन्मली. वडील चित्रकार. त्यांनी लेकीला लहानपणापासून चित्रकला शिकवली आणि ती तिला जन्मभर पुरली. पुढे तिनं पुस्तकं लिहिली तेव्हा त्यातल्या आकृत्या काढायला दुसरा माणूस शोधावा लागला नाही. शाळाही चांगली मिळाली. नॉर्थ लंडन कॉलेजिएट ही मुलींची शाळा, आणि त्या काळात मुलींच्या शाळेत विज्ञान मंडळ होतं! या मंडळात एथेल सार्जंट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई बोलायला येत. अ‍ॅग्नेसच्या आयुष्याला वळण लागलं ते इथं.

या एथेलबाईंबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. त्या कुठल्या विद्यापीठात नोकरीला नव्हत्या. आई म्हातारी, बहीण अंथरुणाला खिळलेली, त्यांचं करायला बाई घरातच राहिल्या. आणि घराच्या बागेतच त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली. लंडनच्या दक्षिणेला रायगेट गावी. तिथं त्या कोवळे अंकुर कापून पाहत. अ‍ॅग्नेस त्यांच्या हाताखाली चकत्या काढायला शिकली.

चकती काढायची म्हणजे काय करायचं, ते मैत्रिणीनं मला समजावलं. अंकुर किंवा पानाचा तुकडा आधी अल्कोहोलात ठेवून त्यातलं पाणी काढून टाकायचं. मग तो पातळ केलेल्या मेणात मुरवायचा. मेण घट्ट झालं की वडी तयार. ती मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर बसवून किसणीसारखी पात्यावरून न्यायची. प्रत्येक चकती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, आणि एकीला एक चिकटून त्यांची लांब फीत निघते. फितीतल्या चकत्या त्याच क्रमानं काचेवर लावायच्या, मेण काढून टाकायचं, रंग द्यायचा. एका शिरेचा माग काढायला अशा शेकडो चकत्या लागतात, आणि त्यांचा क्रम बिघडून चालत नाही. एक हरवली की शिरेचा माग सुटला. कुरडया करताना चिकाचा अंदाज चुकला की कसं होतं, तसं. फक्त इथं दोन दिवसांऐवजी दोन महिने पाण्यात जातात.

अ‍ॅग्नेस १८९७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेली, दोन वर्षांत पदवीधर झाली. मग केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात. तिथं १९०२ साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, पण केंब्रिज विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवी देतच नसे. परीक्षा पुरुषांचीच, पेपर तेच, वर्ग तोच... फक्त पदवी नाही. मग वर्षभर ती पुन्हा एथेलबाईंच्या बागेतल्या प्रयोगशाळेत राहिली.

ते वर्ष मोठं महत्त्वाचं. एथेलबाई तेव्हा एका जुन्या कोड्याच्या मागे होत्या. हरभरा पेरला की त्याची दोन दलं फुटतात. ज्वारी, भात, नारळ, कांदा यांना एकच दल. ही दोन घराणी एकमेकांपासून कधी आणि कशी वेगळी झाली? काही एकदल अंकुरांत एकाच दलाच्या पोटात दोन दलांच्या असाव्यात अशा जोडशिरा एथेलबाईंना दिसल्या. त्यावरून त्यांनी १९०३ साली मांडलं, की हे एक दल म्हणजे मुळातली दोन दलं जुळून झालेलं असावं. पुढे ही उपपत्ती मागे पडली. पण झाडाच्या पोटातल्या शिरा पाहून त्याच्या नात्यागोत्याचा अंदाज करायचा, ही पद्धत अ‍ॅग्नेसनं तिथंच उचलली. ही पद्धत कुठवर विश्वासानं वापरावी, हेच पुढे तिच्या आयुष्याचं काम झालं.

लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट तिला १९०५ साली मिळाली. १९०९ साली तिचं लग्न झालं न्यूवेल आर्बर यांच्याशी. हे केंब्रिजमध्ये जुन्या, दगड झालेल्या वनस्पतींचा अभ्यास करत. नवराबायको दोघंही झाडांतली, एक मेलेल्या आणि एक जिवंत! १९१२ साली अ‍ॅग्नेसचं पहिलं पुस्तक आलं, हर्बल्स. युरोपातल्या १४७० ते १६७० या दोनशे वर्षांतल्या औषधी वनस्पतींच्या छापील ग्रंथांचा तो इतिहास आहे. आपल्याकडच्या निघंटूंसारखे ते ग्रंथ. वैद्याला पाला ओळखता यावा म्हणून त्यांत लाकडी ठशांची चित्रं असत. चित्रकाराच्या लेकीनं हा विषय निवडावा यात नवल नाही. १९१३ साली म्युरिएलचा जन्म झाला.

मग आलं १९१८ साल. जानेवारीत एथेलबाई गेल्या. जूनमध्ये, बरेच दिवस आजारी असलेले न्यूवेल गेले. अ‍ॅग्नेस एकोणचाळीस वर्षांची, पोर पाच वर्षांची, महायुद्ध अजून संपायचं होतं. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. नोकरीही नव्हती. त्याच १९१८ साली तिचा एक मोठा शोधनिबंध छापून आला आहे. तारखा शेजारी शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ पाहत होते. शोकाच्या घरात रोज उठून चकत्या कापणारी बाई कशी असेल, याचा अंदाज माझ्या ओळखीच्या काही बायकांवरून मला येतो. त्यांनी शिलाईयंत्र चालवलं, हिनं मायक्रोटोम.

तो निबंध मला समजला तसा सांगते, कारण त्यातच तिची करामत आहे. रस्त्याकडेला सगळीकडे लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तुम्ही पाहिली असेल. कोयत्यासारखी लांब, जाड पानं. पण ती पानं नव्हेतच. तो पानाचा देठ चपटा होऊन पानासारखा झालेला आहे. बी उगवल्यावर पहिली एक-दोन पानं आपल्या बाभळीसारखी बारीक पिसांची येतात, मग पिसं नाहीशी होतात आणि देठच रुंदावतो. हे ज्यानं रोप पाहिलं नाही त्याला कसं ओळखता येणार? तर कापून. साध्या पानाच्या शिरेत पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या वरच्या अंगाला आणि अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या खालच्या अंगाला असतात. या देठ-पानात मात्र शिरांच्या दोन रांगा समोरासमोर. दोन्हींच्या जलवाहिन्या आतल्या बाजूला तोंड करून.

आता कांद्याची पात आडवी कापा. पोकळ नळी, आणि तिच्या भिंतीत शिरांचं वर्तुळ. तिथंही जलवाहिन्या आतल्या अंगाला. आयरिसच्या तलवारीसारख्या पानातही शिरांच्या तशाच समोरासमोर रांगा. यावरून अ‍ॅग्नेसनं सांगितलं, की कांदा, आयरिस, गवत यांसारख्या एकदल झाडांचं पान म्हणजे खरं पान नसून मुळातला देठ किंवा पानाचा तळवा आहे. कल्पना तशी जुनी, एकोणिसाव्या शतकातल्या एका स्विस शास्त्रज्ञाची. पण शिरांचा पुरावा गोळा केला तो हिनं. आज सगळेच अभ्यासक हे जसंच्या तसं मानत नाहीत. तरी मी ते वाचल्यापासून भजीसाठी कांद्याची पात चिरताना हात थांबतोच.

एकदल वनस्पतींवरचं मोठं पुस्तक खरं तर एथेलबाईंना लिहायला सांगितलं होतं. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांनी ते अ‍ॅग्नेसकडे सोपवलं. तेच १९२५ सालचं पुस्तक माझ्या हातात पडलं होतं. त्याआधी १९२० साली तिनं पाणवनस्पतींवर लिहिलं. इथं तिच्या ध्यानात एक गोष्ट पक्की बसली. पाण्यात राहणाऱ्या झाडांच्या पोटात हवेच्या पोकळ्या असतात. कमळाचा देठ मोडून पाहा, आत भोकंच भोकं. अशा पोकळ्या एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या झाडांतही सापडतात, कारण सगळ्यांची अडचण सारखी. म्हणजे आतली रचना सारखी दिसली म्हणून लगेच सोयरीक जुळवायची नाही. त्या काळात डार्विनच्या प्रभावाखाली जो तो झाडांच्या वंशावळ्या मांडत होता. अ‍ॅग्नेस त्यात घाई करायला तयार नव्हती. ज्या पद्धतीत तिची हयात गेली, तिचीच मर्यादा ती दाखवत होती. विद्वान माणसात हा गुण विरळा, असं मला वाटतं.

आमच्या लव्हाळ्याचंच बघा. लव्हाळं दिसतं गवतासारखं, पण ते गवत नव्हे. गवताचं कांड गोल आणि बहुधा पोकळ, पानं दोन ओळींत. लव्हाळ्याचं कांड बोटांत फिरवलं तर तीन धारा लागतात, आत भरीव, पानं तीन ओळींत. एवढं खुरपणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. पण मोथ्याच्या कुळातच साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतली भावंडं कोण नि चुलत कोण, हे ठरवताना तीन धारांचा काही उपयोग नाही. १८९५ साली मार्टिन रिकली नावाच्या स्विस अभ्यासकानं यांची पानं कापून पाहिली. काहींत शिरेभोवती हिरव्या पेशींचं एक जादा कडं होतं, काहींत नव्हतं. लव्हाळ्यात ते आहे. कुंडीत लावतात ते छत्रीसारखं डोक्यावर पानं असलेलं झाड याच प्रजातीतलं, त्यात ते नाही. हे कडं कशासाठी, ते १९६० नंतर उलगडलं: कडक उन्हात हवेतला कार्बन वायू पकडून साठवण्याची ती युक्ती आहे. म्हणूनच लव्हाळं वैशाखातही मरत नाही! आणि अलीकडे जनुकं तपासली, तर या प्रजातीतली कडंवाली मंडळी खरोखरच एका शाखेतली निघाली. कापून पाहणाऱ्यांचा अंदाज सव्वाशे वर्षांनी खरा ठरला.

पण असलंच कडं उसात आहे, ज्वारीत आहे, मक्यात आहे. ती काही लव्हाळ्याची भावंडं नव्हेत. ही युक्ती वनस्पतींत साठांहून जास्त वेळा स्वतंत्रपणे घडली आहे. घराच्या आत ती नातं सांगते, घराबाहेर ती फसवते. अ‍ॅग्नेसची सावधगिरी किती योग्य होती, हे मला या एका कड्यावरून कळलं. जनुकांचा तिला पत्ताही नव्हता.

मान मिळवायला मात्र तिला फार थांबावं लागलं. १९१३ साली एथेलबाई ब्रिटिश असोसिएशनच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या अध्यक्ष झाल्या होत्या, तो मान मिळवणाऱ्या पहिल्या बाई. १९२१ च्या एडिंबरो अधिवेशनासाठी त्याच जागेवर अ‍ॅग्नेसचं नाव आलं, तेव्हा काही मंडळींनी विरोध केला. तिनं नाव मागे घेतलं. भांडायला हवं होतं का? मला वाटलं, हवं होतं. पण पाठीशी ना नवरा, ना संस्था, पदरात आठ वर्षांची मुलगी... बाहेरून बोलायला आपलं काय जातं.

ती काम करत असे बॅल्फोर प्रयोगशाळेत. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मुलींना घेत नसत, म्हणून केंब्रिजच्या महिला कॉलेजांनी १८८४ साली एका जुन्या प्रार्थनामंदिरात ही सुरू केली होती. पुढे विद्यापीठाची दारं मुलींना उघडली आणि या प्रयोगशाळेची गरज संपली. १९२७ साली ती अ‍ॅग्नेसच्या हातून गेली. विद्यापीठाच्या विभागात तिला जागा मिळाली नाही. तीन पुस्तकं नावावर असलेल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या शास्त्रज्ञ बाईला एक टेबल मिळू नये! मग तिनं घरातल्याच मागच्या लहानशा खोलीत मायक्रोटोम आणि सूक्ष्मदर्शक मांडला. गुरुबाईंचाच कित्ता तिनं असा नाइलाजानं गिरवला.

तिच्यावर लिहिणारे काही लोक या मागच्या खोलीचं फार कौतुक करतात. किती साधेपणा, किती निष्ठा वगैरे. मला ते पटत नाही. आपल्याकडेही घर सांभाळून केलं ना, असं म्हणून शाबासकी देतात आणि बसायला खुर्ची देत नाहीत. खोली लहान होती म्हणून काम मोठं झालं नाही. खोली मोठी असती तर तिला चार विद्यार्थिनी मिळाल्या असत्या, तिचा हात कुणाच्या तरी हातात उतरला असता. एथेलबाईंना ती मिळाली, तशी तिला कुणी मिळायला हवी होती.

त्या खोलीतून १९३४ साली ग्रॅमिनी हा ग्रंथ निघाला. धान्य, बांबू आणि गवत या सगळ्या तृणकुळाचा. पोळीतला गहू आणि मांडवाचा बांबू एकाच घरचे कसे, ते तिनं फुलांचे तुकडे कापून दाखवलं आहे. दुसऱ्या महायुद्धात साहित्य मिळेनासं झालं, घरात प्रयोगशाळा चालवणं जमेना. तिनं मायक्रोटोम बाजूला ठेवला आणि लेखणी घेतली.

लंडनच्या रॉयल सोसायटीनं १९४५ साली पहिल्यांदा बायकांना सभासद करून घेतलं. सोसायटी स्थापन होऊन तेव्हा पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली होती. १९४६ साली अ‍ॅग्नेस सभासद झाली, वनस्पतिशास्त्रातली पहिली बाई. वय सदुसष्ट. १९४८ साली लिनियन सोसायटीचं सुवर्णपदकही तिला मिळालं, तेही बायकांत पहिल्यांदा. त्याच १९४८ साली केंब्रिज विद्यापीठ बायकांना पदव्या देऊ लागलं. तिच्या पहिल्या वर्गाला तेव्हा शेहेचाळीस वर्षं झाली होती.

नंतरची पुस्तकं जास्त विचारांची आहेत. झाडाचा आकार म्हणजे काय, डोळ्यांनी पाहणं आणि मनानं समजणं यांत अंतर किती, असे प्रश्न. १९५० साली एक, १९५४ साली एक, १९५७ साली आणखी एक. मी त्यांतलं थोडंच वाचलं, आणि वाचलेलं सगळं उमगलं असं म्हणणार नाही. २२ मार्च १९६० रोजी केंब्रिजमध्येच ती गेली.

म्युरिएल वडिलांच्या वाटेनं भूगर्भशास्त्राकडे वळली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस इथं कडे ढासळतात, त्यांचा अभ्यास तिनं वर्षानुवर्षं केला. ती २००४ साली वारली.

आमच्या दोन पोत्यांचं म्हणाल तर मैत्रिणीनं शेतातलं लव्हाळं मुळासकट उपटून आणायला लावलं आणि त्याच्या चकत्या शेजारी ठेवल्या. आखूड गाठी जुळल्या. लांबट मुळं त्याच्या भावंडाची असावीत असं तिचं मत पडलं, पण खात्रीचा नमुना हाती येईपर्यंत ती नाव सांगायला तयार नाही. ते पोतं अजून आमच्या माळ्यावर आहे.